उंची मध्यम

माणूस हरवला की त्याच्या घरचे नाव, गाव, वय, कधी गेला, काय बोलून गेला हे सगळं ठाण्याच्या पायऱ्या चढता चढताच सांगून मोकळे होतात. मी पेनाचं टोपण काढून विचारायची, "दिसायला केवढा आहे?" तिथं मात्र सगळे गप्प. ज्याच्या ताटाला ताट लावून जन्म काढला, तो माणूस केवढा आहे हे सांगायला कुणाला सुचायचं नाही.

पोलीस खात्यातली माझी बरीचशी नोकरी जालना जिल्ह्यातल्या ठाण्यांमध्ये लिहिण्याच्या टेबलावर गेली. आमच्यात याला रायटर म्हणतात. लोकांना वाटतं, पोलीस म्हणजे धावपळ, काठी, शिट्टी. मी धावले ती भरतीच्या मैदानावर. पुढं सगळं बसून. त्यात मी इंग्रजी घेऊन बी. ए. झालेली, त्यामुळं कुठल्याही ठाण्यात गेले तरी आठवड्याच्या आत कुणीतरी म्हणायचंच, "मॅडम, तुमचं इंग्लिश हाये ना, मंग हे तुम्हीच करा." हे म्हणजे बाहेरच्या राज्यांना जाणारे संदेश. आमच्याकडचा माणूस घर सोडून निघाला की बहुतेक वेळा रेल्वेत बसतो आणि हैदराबादच्या दिशेनं जातो. तिकडच्या हवालदाराला मराठी वाचता येत नाही आणि मला तेलुगू. मधे इंग्रजी.

बाहेरच्या वाचकाला म्हणून सांगते, हरवलेल्या माणसाचं वर्णन म्हणजे निबंध नव्हे. चार-पाच ओळी. उंची, बांधा, रंग, चेहरा, केस, कपडे, खूण. ते वाचणारा शिपाई फलाटावर उभा असतो, समोरून शेकडो माणसं जात असतात, आणि त्यातून त्याला एक उचलायचा असतो. म्हणून शब्द नेमका लागतो. मराठीत आपलं बरं असतं. माणूस उंच, भिंत उंच, डोंगरही उंच. इंग्रजीनं या सगळ्यांची लग्नं वेगवेगळी लावून ठेवलीत. माणसाला टॉल, त्याचा जोडीदार शॉर्ट. भिंतीला हाय, तिचा जोडीदार लो. केसांना लाँग, आणि त्यांच्या वाट्याला पुन्हा तोच शॉर्ट. भुवया थिक नाहीतर थिन, कपाळ ब्रॉड नाहीतर नॅरो. एका सहकाऱ्यानं माझ्या रजेत "हाय मॅन" असा संदेश पाठवला होता. पलीकडच्या राज्यातून फोन आला, माणूस कशावर चढून बसलाय का म्हणून. त्यानंतर माझ्या रजा मंजूर व्हायला त्रास होऊ लागला.

एक नवी शिपाई मुलगी स्मॉलच्या जागी नेहमी लिट्ल लिहायची. तिला मी सांगितलं, "बाई, लिट्लमध्ये माया येते. ती घरच्यांनी करायची, आपण नाही. आपण स्मॉल लिहायचं." तेव्हा मला हे फार शहाणपणाचं वाटलं होतं.

शब्द आले तरी माप कुठून आणायचं? फूट-इंच कुणाला ठाऊक नसतात. एक गृहस्थ बायको हरवल्याची तक्रार घेऊन आले. किती उंच, विचारलं तर हात छातीपाशी धरून म्हणाले, "इतकुशी हाये." दुसऱ्या दिवशी ती बाई बदनापूरच्या बहिणीकडून स्वतःच परत आली, तर यांच्याहून चार बोटं उंच. एवढी वर्षं त्या माणसानं तिला बसलेलीच पाहिली असावी, चुलीपुढं. याच्या उलट एक म्हातारी होती. नवऱ्याला भूल पडायची, तो निघून गेला होता. तिला वर्णन विचारलं तर म्हणाली, "दारातून वाकून येतो, आन बाजंवर पाय बाहेर ऱ्हातेत." मी टॉल लिहिलं, व्हेरी टॉल. संध्याकाळच्या आत तो बदनापूरच्या स्टेशनवर बाकावर झोपलेला सापडला. पाय बाकाच्या बाहेर होते.

यावरून मी माझी एक रीत बसवली. मी स्वतः पाच फूट आठ इंच. वर्णन घेताना खुर्चीतून उठायची, टेबलाच्या बाहेर यायची आणि म्हणायची, "माझ्या कुठपर्यंत येतो ते हातानं दाखवा." तोंड चुकतं, हात सहसा चुकत नाही.

आता जे सांगायचंय, त्यासाठी आमच्या भागातली एक गोष्ट माहीत असायला हवी. गावाकडं कुणाचं रंगरूप, उंची, बांधा तोंडानं सांगायची वेळ आयुष्यात एकदाच येते. लग्न जमवताना. त्यामुळं वर्णन विचारलं की लोकांच्या तोंडून बायोडाटाच बाहेर पडतो. काळ्याचा गव्हाळ होतो, हाडकुळ्याचा सडपातळ होतो. हरवलेली मुलगी "गृहकृत्यदक्ष" असल्याचं मला लिहून घ्यायला लावणारे बापही भेटलेत. मी हसत नसे. माझी स्वतःची उंची माझ्या वडिलांनी बायोडाट्यात दोन इंच उतरवली होती. मुलाची चढवायची, मुलीची उतरवायची, असा तो हिशेब. पाहुणे यायचे, मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर यायची आणि त्यांच्या माना वर वर जायच्या. पुढं लग्न झालं ते माझ्याहून बुटक्या माणसाशीच. लग्नाच्या फोटोत त्यांना पाटावर उभं केलंय. फोटोत पाट दिसत नाही, पण आम्हा दोघांच्या चेहऱ्यावर तो दिसतो.

तर ज्ञानोबाकाका. पिंपळगाव रेणुकाईच्या बाजूच्या एका खेड्यातले, खाऊनपिऊन सुखी, दोन्ही हंगाम पिकणारं रान. सकाळी बायकोला घेऊन ठाण्यात आले. मुलगा विलास, तिशीचा, शेतातल्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचा. जळालेल्या मोटारीची तांब्याची तार काढून नवी भरायची, हे त्याचं काम. दुकान चांगलं चालायचं. चार दिवसांपूर्वी कुलूप लावून गेला तो आला नव्हता. फोन बंद.

मी विचारलं, "काका, उंची?"

"मध्यम," ते म्हणाले. "पाच-पाच."

इतक्या पटकन फूट-इंचात उत्तर आलं तेव्हाच मी पेन खाली ठेवलं. उठून बाहेर आले. "माझ्या कुठपर्यंत येईल?"

काकांनी हात माझ्या कानापाशी धरला. काकूंचा हातही आपसूक उठला होता. तो माझ्या दंडापाशी आला, मग त्यांनी नवऱ्याच्या हाताकडं पाहिलं आणि आपला पदराखाली घेतला.

मी काकूंना पाणी प्यायला म्हणून मागच्या व्हरांड्यात नेलं. तिथं त्यांनी सांगितलं. विलास लहानपणापासून ठेंगणाच. लग्न जमेना. चार वर्षांपासून बायोडाट्यात पाच-पाच लिहायचे, फोटो छातीपर्यंतचा द्यायचे, आणि मुलगी बघायला जाताना काका त्याला जाड टाचेचे बूट घालायला लावायचे. आता घरात शिरताना बूट दारातच काढावे लागतात, हे काकांच्या ध्यानात कसं येत नव्हतं कोण जाणे. घनसावंगीकडच्या एका स्थळी मुलीच्या मामानं भर बैठकीत म्हटलं, "पाव्हनं, जरा उभं ऱ्हा." विलास म्हणाला, "उभाच हाये." लोक हसले. विलासही हसला म्हणे. त्यानंतर आठ दिवसांत तो गेला.

"बूट घेऊन गेला का?" मी विचारलं. तपासात असलं सगळं विचारावं लागतं.

"न्हाई," काकू म्हणाल्या. "चपलावर गेला."

मी परत आत आले आणि काकांना समजावलं. म्हटलं, "काका, हे पोलिसांसाठी आहे. चुकीचं लिहिलं तर समोरून गेला तरी कुणी ओळखणार नाही."

काकांनी टेबलाच्या कडेवर नख फिरवलं. मग त्यांनी विचारलं, "हा कागद कुठं कुठं जाईन, ताई?"

"पेपरात. मोबाइलवर. स्टँडवर चिकटवू."

"म्हंजी सारे पाव्हनेरावळे वाचतीन." त्यांचा आवाज खाली आला. "पोरगं आज ना उद्या येईन. आलं का त्याचं लगीन करायचंय. सरकारच्या शिक्क्यानं छापून आलं, ठेंगना हाये म्हून, तर मंग कोन देईन पोरगी?"

मला त्या माणसाचा राग येईना. मुलगा हरवलाय हे त्यांच्या डोक्यात अजून शिरलंच नव्हतं. तो आल्यानंतरची तयारी ते आत्तापासून करत होते. त्यांच्या दृष्टीनं ठाण्यात बसून ते बापाचं कर्तव्यच बजावत होते.

साहेबांकडं गेले. साहेब म्हणाले, "खबर देणारा सांगतो ते लिहायचं असतं." नियम तसाच आहे. मराठी नोटीस निघाली, उंची मध्यम, बांधा सडपातळ, आणि वर तोच बायोडाट्यातला छातीपर्यंतचा फोटो. बाहेरच्या राज्यांचा इंग्रजी संदेश मात्र माझ्या हातात होता. तो गावात कुणी वाचणार नव्हतं आणि त्यानं कुणाचं लग्न मोडणार नव्हतं. त्यात मी काकूंचा हात लिहिला. शॉर्ट. बिल्ड स्मॉल. मला तेव्हाही ते बरोबर वाटलं आणि आजही वाटतं.

पुढं काका दर बाजारच्या दिवशी यायचे. आधी पिशवी बाकाखाली ठेवायचे, मग माझ्या टेबलाकडं बघायचे. मी नाही म्हणून मान हलवली की, "बरं, येतो ताई," म्हणून उठायचे. पाऊसकाळ संपला, कापूस निघाला, तरी मी मानच हलवत होते. त्या काळात कुठं रुळांवर किंवा विहिरीत अनोळखी प्रेत सापडल्याचा संदेश आला की मी उंचीची ओळ सगळ्यात आधी वाचायची. टॉल दिसलं की सुटल्यासारखं व्हायचं. दुसऱ्या कुणाचा तरी मुलगा गेला म्हणून सुटल्यासारखं वाटावं, असली ही नोकरी.

मग एके दुपारी हैदराबादहून एका हवालदाराचा फोन आला. त्याची ती दख्खनी ऐकून मला नेहमी घरचं कुणी बोलतंय असं वाटतं. म्हणाला, "मॅडम, तुमारा वो शॉर्ट आदमी मिल गया. मोटार के दुकान पे काम करताय. बिलकुल तुम लिखे वैसाच है."

मी खुर्चीतून उठलेच. पण तो पुढं म्हणाला, "मगर आता नै बोलरा." म्हणजे, येत नाही म्हणतोय.

विलास सज्ञान होता, स्वतःच्या मर्जीनं गेला होता. त्यानं तिथल्या ठाण्यात जबाब दिला, मी परत जाणार नाही, माझा पत्ता घरी कळवू नये. कायद्यानं विषय तिथं संपतो. माणूस मिळून आला, प्रकरण बंद. मी हवालदाराला म्हटलं, एकदा मला बोलू द्या त्याच्याशी.

फोनवर विलासचा आवाज भारदस्त होता. मी काहीतरी बारीक ऐकू येईल असं धरून चालले होते, याची मला लाज वाटली.

"आई रडती का?" त्यानं विचारलं.

"रडतात. वडील दर आठवड्याला ठाण्यात येतात."

"मला ती नोटीस आल्ती मोबाइलवर," तो म्हणाला. "आपल्याकडच्या एका ड्रायव्हरनं पाठवल्ती. नाव माझं, फोटो माझा. खाली उंची मध्यम. म्हनलं, हे दुसऱ्याच कोन्या पोराला हुडकून राह्यले. ह्या पोलिसानं इंग्रजी कागद दाखवला, त्याच्यात शॉर्ट लिवेल व्हतं. परक्या मानसाला मी जसा हाये तसा दिसलो, मॅडम. घरच्यायला न्हाई दिसलो."

मी त्याला बापाचं कारण सांगितलं. तू परत येशील, तुझं लग्न करायचं, म्हणून त्यांनी खरं छापू दिलं नाही. मला वाटलं, हे ऐकून तो विरघळेल.

"म्हाईत हाये मला," तो म्हणाला. "त्याच्यासाठीच तर गेल्तो." आणि फोन हवालदाराकडं दिला.

बाजारच्या दिवशी काका आले. मी मान हलवली नाही, तर तेच घाबरले आणि उभ्याउभ्या भिंतीला हात लावला. मी घाईनं म्हटलं, "जिवंत आहे, काका. खुशाल आहे. काम करतोय." ते मटकन खाली बसले आणि रडले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. मग डोळे पुसून पत्ता मागितला. मी नाही म्हटलं, आणि का ते सांगितलं. त्यांनी हात जोडले. माझ्याहून वयानं मोठा माणूस माझ्यापुढं हात जोडून उभा, पत्ता माझ्या टेबलाच्या खणात, आणि मला तो देता येत नव्हता. नोकरीतले वाईट दिवस मोजायचे झाले तर मी तो वरती ठेवीन.

"मंग सापडला तरी कसा?" त्यांनी विचारलं.

मी सांगून टाकलं. इंग्रजीत मी ठेंगणा लिहिलं होतं, त्यावरून सापडला. आणि तो काय म्हणाला तेही सांगितलं, एकही शब्द न गाळता. काकांनी पिशवी घेतली आणि "बरं, येतो ताई" न म्हणता गेले.

पुढचे दोन बाजार ते फिरकले नाहीत. नंतर आले ते धुतलेलं धोतर नेसून, कामाला आल्यासारखे. समोर बसले आणि म्हणाले, "लिवा."

"काय लिहू, काका? प्रकरण बंद झालंय. आता नोटीस निघत नाही."

"नोटीस कशाला? त्या पोलिसाच्या मोबाइलवर पाठवा. तो दाखवीन त्याला. इंग्रजीत लिवा."

"विलासला मराठी येतं की. मराठीत लिहिते."

"न्हाई," ते म्हणाले. "मराठीत म्या सांगलं ते खोटं निघालं. त्याचा इस्वास आता इंग्रजीवर हाये."

मी कोरा कागद घेतला. काकांनी मांडीवर हात ठेवले आणि सांगायला लागले. "ठेंगना हाये. उभा राह्यला तर माझ्या काखंखाली मावतो. खांदे मातर रुंद. कोटात दिसत न्हाईत, बंडीत दिसतेत. कपाळ मोठं, त्याच्या आज्याचं. हात लहान. मोटारीच्या आत जिथं कोन्या मिस्तऱ्याचा हात जात न्हाई, तिथं ह्याचा जातो. दूरदूरच्या गावावून लोक त्याच्यासाठीच मोटारी आनायचे." इथं ते थांबले. "हे म्या कधी त्याला म्हनलो न्हाई."

मी लिहीत होते. शॉर्ट. शोल्डर्स ब्रॉड. फोरहेड ब्रॉड. हँड्स स्मॉल. मोटारीचं वाक्य वर्णनात बसत नाही, तसल्या वाक्याला आमच्या चार ओळींत जागाच नसते. मी ते पूर्ण लिहिलं. ठाण्यात आणखी लोक होते. शेतीच्या बांधावरून भांडलेले दोघं भाऊ बाकावर बसून ऐकत होते, एक पोलीस पाटील होता, तो काकांच्या ओळखीचा निघाला. काकांनी आवाज खाली केला नाही.

"आता वाचा," ते म्हणाले. मी वाचलं. ठेंगण्याला काय म्हणतात ते त्यांनी विचारून घेतलं आणि एकदा स्वतः म्हणून बघितलं. मग खाली सही केली, मोडकीतोडकी, पण पूर्ण नावाची. कागदाचा फोटो काढून मी हवालदाराला पाठवला. सरकारी कामात हे बसत नव्हतं. माझी निवृत्ती तोंडावर आली होती, आणि साहेब त्या वेळी नेमके खिडकीबाहेर बघत होते.

विलास आला नाही. मी निवृत्त होईपर्यंत नाही, आणि त्यानंतरही आल्याचं माझ्या कानावर नाही. हवालदाराचा निरोप तेवढा आला होता, पुढच्या बाजाराच्या आदल्या दिवशी. "दिखाया मॅडम. दो बार पढा. कुछ नै बोला." बस एवढंच. त्यात आशा धरावी असं काही नव्हतं आणि खोटी आशा लावायची मला सवय नाही. काका आले तेव्हा मी जसंच्या तसं सांगितलं.

त्यांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"वाचलं ना त्यानं?"

"वाचलं. दोनदा."

"मंग बराबर हाये," काका म्हणाले. "येवो, न येवो. आपन कोनाला हुडकून राह्यलो, ते त्याला कळलं."